सफरचंदाच्या गराचा साधा केक: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

केक पहिल्यांदाच करायला घेणाऱ्याने सुरुवात कशापासून करावी, असे कोणी विचारले तर सफरचंदाच्या गराचा केक निःशंकपणे सुचवता येतो. यात लोणी आणि साखर हलकी होईपर्यंत फेटत बसावे लागत नाही, अंड्यांचा पांढरा भाग वेगळा काढून त्याचा फेस करावा लागत नाही, आणि वर क्रीम नसले तरी केक अपुरा वाटत नाही. दोन पातेली, एक चाळणी, एक टिन आणि ओव्हन एवढ्यावर काम भागते. मात्र या केकमध्ये एक टप्पा असा आहे की तिथे झालेली हयगय पुढे कशानेही भरून निघत नाही, आणि तो म्हणजे गर शिजवण्याचा. गर पातळ राहिला तर केक मधोमध बसतो आणि तळाशी ओलसर, चिकट थर राहतो. गर नीट आटवलेला असेल तर बाकीच्या बारीकसारीक चुका हा केक पोटात घालतो. म्हणून पुढे गराविषयी सविस्तर आणि इतर गोष्टींविषयी आवश्यक तेवढेच लिहिले आहे.

साहित्य आणि त्याचे मोजमाप

येथे दिलेले प्रमाण २० सेंटिमीटर, म्हणजे ८ इंच, बाजू असलेल्या चौकोनी टिनसाठी आहे. मैदा १९० ग्रॅम (दीड कप), साखर १५० ग्रॅम (पाऊण कप), घट्ट गर २५० ग्रॅम (साधारण एक कप), वास नसलेले कोणतेही खाद्यतेल ८० मिलिलिटर (एक तृतीयांश कप), मध्यम आकाराची २ अंडी, बेकिंग पावडर १ चमचा, बेकिंग सोडा अर्धा चमचा, मीठ पाव चमचा, दालचिनीची पूड दीड चमचा, किसलेले जायफळ पाव चमचा आणि लवंगेची पूड चिमूटभर. कप म्हणजे २४० मिलिलिटरचा आणि चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, सपाट भरलेला, असे समजावे.

शक्य असेल तर वजनकाटा वापरावा. कप पिठाच्या डब्यात खुपसून दाबून भरला तर त्यात २० ते ३० ग्रॅम मैदा सहज जास्त येतो, आणि केक कोरडा व घट्ट होण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. काटा नसल्यास मैदा आधी चमच्याने हलवून मोकळा करावा, चमच्यानेच कपात भरावा आणि सुरीच्या पाठीने वरचा भाग सपाट करावा. सोडा आणि बेकिंग पावडर किती दिवसांपासून उघडे आहेत याची खात्री नसेल तर त्यांचीही परीक्षा घ्यावी. चिमूटभर सोड्यावर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे थेंब टाकले की तो लगेच फसफसला पाहिजे. बेकिंग पावडर गरम पाण्यात टाकली की जोरात बुडबुडे आले पाहिजेत. दोन्हींपैकी एकही थंड प्रतिसाद देत असेल तर नवे पाकीट आणणेच बरे, कारण जुन्या पावडरचे प्रमाण वाढवून ती कसर भरून काढता येत नाही.

साखर पांढरी किंवा ब्राऊन, कोणतीही चालते. ब्राऊन शुगरमधील काकवीच्या अंशामुळे रंग गडद येतो आणि केक किंचित अधिक ओलसर राहतो. व्हॅनिला इसेन्स हवा असल्यास एक चमचा घालावा, पण दालचिनी आणि जायफळ ताजे असतील तर त्याची उणीव भासत नाही. जायफळ मात्र ऐन वेळी किसूनच घ्यावे. पूड करून ठेवलेल्या जायफळाचा सुगंध लवकर उडतो.

गर करण्याची रीत

सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असते. उरलेल्या भागात साखर, मॅलिक आम्ल आणि पेक्टिन हे आपल्या उपयोगाचे घटक असतात. आम्ल सोड्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड तयार करते आणि केक फुगवायला मदत करते. पेक्टिन पाणी धरून ठेवते, म्हणूनच हा केक दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही मऊ लागतो. पाण्याचे प्रमाण तेवढे आपल्या हातात असते, आणि गर आटवणे म्हणजे तेच आटोक्यात आणणे.

मध्यम आकाराची तीन सफरचंदे, वजनाने सुमारे ५०० ग्रॅम, घ्यावीत. नुसती गोड जात घेतली तर केकची चव बोथट होते. नुसती आंबट घेतली तर साखर वाढवण्याचा मोह होतो. दोन गोड आणि एक आंबट ही विभागणी योग्य ठरते. ग्रॅनी स्मिथसारख्या हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा शिजल्यावरही टिकतो, गाला आणि फुजी गोड असतात, आणि मॅकिंटॉश आचेवर पटकन विरघळते. ज्या सफरचंदावर डाग पडले आहेत किंवा जे थोडे सुरकुतले आहे तेही येथे चालते, फक्त कुजका भाग पूर्ण काढून टाकावा. सफरचंदे सोलून, चार भाग करून, मधला कडक भाग आणि बिया काढाव्यात आणि दोन सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात. चिरलेल्या फोडी काळ्या पडतील म्हणून लिंबू चोळण्याची गरज नाही. मसाल्यांमुळे केक शेवटी तपकिरीच होणार आहे.

जाड बुडाच्या पातेल्यात फोडी आणि पाव कप, म्हणजे ६० मिलिलिटर, पाणी घालून झाकण ठेवावे आणि मध्यम आचेवर शिजायला ठेवावे. वाफ धरली की आच मंद करावी. एकूण १२ ते १५ मिनिटांत फोडी इतक्या मऊ होतात की काट्याने दाबताच विरतात. त्यानंतर झाकण काढून त्या मॅशरने किंवा डावाच्या पाठीने घोटाव्यात. मिक्सरमध्ये फिरवल्यास गर अगदी गुळगुळीत होतो आणि केकची जाळी एकसारखी येते. हाताने घोटलेल्या गरात बारीक कण राहतात आणि ते खाताना चांगले लागतात. माझे मत हाताने घोटण्याच्या बाजूचे आहे, पण दोन्हींनी केक नीट होतो.

पुढचा टप्पा घाईत उरकला जातो आणि तिथेच गफलत होते. घोटलेला गर झाकणाशिवाय, मंद ते मध्यम आचेवर, सतत ढवळत आणखी ६ ते १० मिनिटे आटवावा. गर उडतो आणि त्याचा थेंब हातावर चांगलाच भाजतो, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्यावा. सुरुवातीला डाव पातेल्याच्या तळावरून ओढला की मागे उमटलेली रेघ क्षणात बुजते. आटत गेल्यावर तीच रेघ दोन-तीन सेकंद तशीच राहते, आणि मग गर दोन्ही बाजूंनी सावकाश सरकून तिला झाकतो. येथे थांबावे. खात्री करायची असल्यास एक चमचा गर बशीत ठेवून मिनिटभर पाहावे. कडेने पाण्याची ओळ सुटली तर तो अजून पातळ आहे. गोळा आहे तसा बसून राहिला आणि बशी कोरडी राहिली तर तो तयार आहे. एवढ्या सफरचंदांतून सुमारे ३०० ग्रॅम गर मिळतो. त्यातला २५० ग्रॅम केकसाठी मोजून घ्यावा; उरलेला केकबरोबर वाढता येतो.

गरात साखर घालू नये. साखरेचे सर्व माप केकच्या मिश्रणात धरलेले आहे. तयार बाटलीतला ॲपलसॉस वापरायचा असेल तर लेबलवर साखर न घातल्याचा उल्लेख आहे का ते पाहावे, आणि तो गोड असल्यास मिश्रणातली साखर ३० ग्रॅमने कमी करावी. बाटलीतला सॉस बहुधा घरच्या गरापेक्षा पातळ असतो, त्यामुळे वरची बशीची परीक्षा त्यालाही लावावी आणि गरज पडल्यास पातेल्यात पाच मिनिटे आटवून घ्यावा.

गर पूर्ण निवला पाहिजे. गरम गर अंड्यांत ओतला तर अंडी गुठळ्या धरतात, आणि सोड्याची क्रिया केक ओव्हनमध्ये जाण्याआधीच जोरात सुरू होऊन वायू वाया जातो. गर आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवणे सोयीचे असते. केक करण्यापूर्वी तासभर तो आणि अंडी बाहेर काढून ठेवावीत.

मिश्रण

कामाला लागण्यापूर्वी ओव्हन १७५ अंश सेल्सिअसवर तापत ठेवावा आणि टिनला तेलाचा हात लावून तळाला बटर पेपर बसवावा. पेपर दोन बाजूंनी थोडा वर काढून ठेवला तर केक उचलताना तो धरता येतो. हे आधी करण्याचे कारण असे की मिश्रण ओले झाल्यावर त्याला थांबवून ठेवता येत नाही. सोडा आम्लाशी भेटला की लगेच वायू सुटू लागतो, आणि मिश्रण अर्धा तास ओट्यावर राहिले तर त्यातला बराचसा वायू निघून जातो. बेकिंग पावडरचा मोठा भाग उष्णता लागल्यावर काम करतो, म्हणून या केकमध्ये दोन्ही घेतले आहेत: सोडा गराचा आंबटपणा मोडतो आणि पहिला फुगवटा देतो, पावडर ओव्हनमध्ये दुसरा. काही जुन्या पाककृतींत सोडा थेट गरात मिसळायला सांगितलेला असतो. तसे केल्यास गर देखणा फसफसतो खरा, पण तो फुगवटा केकच्या वाट्याला येत नाही. सोडा पिठातच मिसळावा.

एका भांड्यात मैदा, बेकिंग पावडर, सोडा, मीठ आणि मसाले एकत्र करून दोनदा चाळावे. सोड्याची गुठळी राहिली तर केकमध्ये तेवढ्याच जागी साबणासारखी चव आणि गडद ठिपका येतो, त्यामुळे चाळण्याचा कंटाळा करू नये. दुसऱ्या, मोठ्या भांड्यात अंडी आणि साखर घेऊन हातानेच मिनिट-दोन मिनिटे फेटावी. रंग थोडा फिका झाला आणि वर बारीक फेस दिसू लागला की पुरे. त्यात तेल बारीक धारेने घालत फेटावे, म्हणजे ते वेगळे तरंगत नाही. मग गर घालून एकजीव करावा. या वेळी मिश्रण फाटल्यासारखे, रवाळ दिसते आणि नवख्या माणसाला काहीतरी बिघडले असे वाटते. ते गराचे कण असतात आणि मैदा पडताच मिश्रण सावरते.

आता चाळलेला मैदा दोन भागांत घालावा आणि पसरट चमच्याने तळापासून वर घेत, कट अँड फोल्ड पद्धतीने, मिसळावा. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. मैद्याला पाणी लागून तो घुसळला गेला की ग्लुटेनचे जाळे तयार होते. पावाला ते हवे असते, केकला नको असते. जास्त ढवळलेल्या केकमध्ये उभी, लांबट भोके दिसतात आणि घास चिवट लागतो. दोन-चार लहान गुठळ्या राहिल्या तर त्या भाजताना विरतात, त्यांच्यामागे लागू नये. तयार मिश्रण घट्टसर असते: चमचा उचलला की ते धारेने न गळता जाड पट्टीसारखे सावकाश खाली उतरते. ते टिनमध्ये ओतून, कोपऱ्यांपर्यंत पसरून, टिन ओट्यावर एकदा हलकेच आपटावा आणि लगेच ओव्हनमध्ये ठेवावा.

तेल अजून कमी करता येईल का, हा प्रश्न हमखास विचारला जातो, कारण गर हा तेला-लोण्याचा पर्याय म्हणून प्रसिद्ध आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोणी आणि अंडी जपून वापरावी लागत होती, तेव्हा अमेरिकेत हा केक लोकप्रिय झाला तो याच गुणामुळे. पण गर ओलावा देतो, स्निग्धता देत नाही. तेल पिठाच्या कणांवर पातळ थर धरते आणि ग्लुटेनला आवर घालते. ते पूर्ण काढून टाकले तर केक ओला असूनही रबरासारखा लागतो. वर दिलेले ८० मिलिलिटर हे मुळातच बेताचे आहे. ते ६० पर्यंत खाली आणता येते, त्याखाली जाऊ नये.

भाजणे

टिन ओव्हनच्या मधल्या कप्प्यात ठेवावा. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये तापमान १६० अंश ठेवावे. काचेच्या भांड्यात केक करायचा असेल तर तापमान १० ते १५ अंशांनी कमी ठेवून पाच-दहा मिनिटे जास्त द्यावीत, कारण काच उशिरा तापते पण उष्णता धरून ठेवते, आणि मधला भाग शिजेपर्यंत कडा करपू शकतात. घरगुती ओव्हनची चकती दाखवते ते तापमान आणि आतले तापमान यांत बरेचदा फरक असतो. केक वारंवार वर फाटत असेल किंवा सांगितलेल्या वेळेच्या आधीच काळसर होत असेल, तर ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर आणून एकदा तपासून पाहणे हा कायमचा उपाय आहे.

साधारण ३५ ते ४० मिनिटे लागतात. पहिली २५ मिनिटे दार उघडू नये. मिश्रण फुगलेले असते, पण त्याला धरणारा सांगाडा अजून घट्ट झालेला नसतो, आणि थंड हवा आत शिरताच ते बसू शकते. काचेतून मात्र जरूर पाहावे. २० मिनिटांच्या सुमारास कडा वर आलेल्या असतात आणि मध्यभागी तळहाताएवढा भाग ओला, चकचकीत दिसतो. तो चकाकणारा भाग हळूहळू आक्रसत जातो. चकाकी पूर्ण गेली, पृष्ठभाग सगळीकडे सारखा मंद दिसू लागला आणि कडा टिनपासून किंचित सुटल्या की पहिली तपासणी करावी.

टूथपिक खुपसून पाहण्याची पद्धत येथे थोडी फसवी आहे, कारण गरामुळे केक शिजल्यावरही ओलसर असतो. टूथपिकला दोन-चार ओलसर कण चिकटून आले तर हरकत नाही. ओले, पसरणारे पीठ आले तर आणखी पाच मिनिटे द्यावीत. त्यापेक्षा बोटाची परीक्षा जास्त भरवशाची: मध्यभागी बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा लगेच भरून आला तर केक झाला, तसाच राहिला तर नाही. अन्नाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९८ अंशांच्या आसपास तापमान मिळाले पाहिजे.

केक टिनमध्येच १५ मिनिटे राहू द्यावा, मग कडेने सुरी फिरवून तो उचलावा आणि जाळीवर ठेवावा. टिनमध्ये फार वेळ ठेवल्यास वाफ तळाशी साचून खालचा भाग घामेजतो. गरम केक कापला तर सुरीला चिकटतो आणि अर्धाकच्चा असल्याचा भास होतो. किमान तासभर तरी थांबावे. खरे तर हा केक दुसऱ्या दिवशी सर्वांत चांगला लागतो, कारण मसाले रात्रभरात मुरतात आणि वरचा कोरडा पापुद्रा मऊ पडतो. वर काही हवेच असेल तर १०० ग्रॅम आयसिंग शुगरमध्ये १५ ते २० मिलिलिटर दूध कालवून निवलेल्या केकवर सोडावे. जाड क्रीमचे थर या केकला शोभत नाहीत.

बिघाड आणि बदल

केक मधोमध बसला असेल तर गर पातळ असणे, केक लवकर बाहेर काढणे, किंवा सोडा-पावडर जास्त पडणे यांपैकी काहीतरी घडलेले असते. तळाशी चिकट थर आणि वर बऱ्यापैकी जाळी, असे दिसले तर कारण जवळजवळ नेहमी गराच्या पातळपणात असते. पुढच्या वेळी मैदा वाढवण्याऐवजी गर आटवावा, कारण मैदा वाढवला की केक जड होतो. वरचा भाग उंच होऊन फाटला तर ओव्हन जास्त गरम होता. केक सगळीकडूनच ठेंगणा आणि घट्ट झाला असल्यास पावडर जुनी होती किंवा मिश्रण फार ढवळले गेले.

अंडी वापरायची नसतील तर प्रत्येक अंड्याऐवजी ६० ग्रॅम ताजे, पाणी निथळलेले दही घ्यावे. अंड्याच्या जागी आणखी गर घालण्याचा सल्लाही दिला जातो, पण ज्या केकमध्ये आधीच २५० ग्रॅम गर आहे तिथे तो उपयोगाचा नाही; ओलावा वाढतो आणि बांधणी ढिली राहते. दह्याचा केक थोडा कमी फुगतो आणि पाचेक मिनिटे जास्त घेतो. मैद्यापैकी अर्धा भाग गव्हाचे पीठ घेता येते. साखर १२० ग्रॅमपर्यंत कमी करता येते. त्यापुढे गोडीबरोबर मऊपणा आणि रंगही जातो, कारण साखर पाणी धरून ठेवते आणि तपकिरी रंग आणते.

अक्रोड किंवा मनुका घालायच्या असल्यास दोन्ही मिळून १०० ग्रॅमपेक्षा जास्त नकोत. अक्रोड कोरडेच पाच-सात मिनिटे भाजून, निववून, जाडसर तोडावेत; कच्चे अक्रोड ओलसर केकमध्ये मऊ पडतात आणि त्यांचा कुरकुरीतपणा जातो. ते मैद्याच्या शेवटच्या भागाबरोबर मिसळावेत. लांबट लोफ टिनमध्ये हेच मिश्रण ५० ते ६० मिनिटे घेते, आणि कपकेकच्या १२ साच्यांत १८ ते २२ मिनिटांत होते.

निवलेला केक झाकणाच्या डब्यात बाहेर दोन दिवस टिकतो. हवा दमट आणि उष्ण असेल तर पहिल्याच दिवसानंतर तो फ्रिजमध्ये ठेवावा, कारण एवढा ओलावा असलेल्या केकवर बुरशी लवकर धरते. फ्रिजमध्ये तो पाच दिवस राहतो. जास्त दिवस ठेवायचा असल्यास तुकडे वेगवेगळे गुंडाळून, हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत. दोन महिन्यांपर्यंत चव बदलत नाही. खाण्यापूर्वी ते गुंडाळलेल्या स्थितीतच बाहेर ठेवावेत, म्हणजे बाहेरच्या हवेतला दमटपणा वेष्टनावर साचतो आणि केकचा पृष्ठभाग ओला होत नाही. तासाभरात ते खाण्याजोगे होतात.